सूट नको

"लिंडक्विस्टसाहेब, पंचाहत्तरीनंतर वकिलांना दरवर्षीच्या सक्तीच्या अभ्यासातून सूट असते," वकील संघटनेची डोरीन फोनवर म्हणाली. "तुम्ही ऐंशीचे, आणि यंदा दोनशे तास भरलेत. तरुणांनाही पंधरा पुरतात हो. सूट नोंदवून तुमचं खातं बंद करू?"

"नको. शिकायची हौस आहे."

"दुभत्या गाईंच्या करारांचं व्याख्यान चार वेळा ऐकलंत."

"गाई अवघड असतात, बाई."

तिने हसत फोन ठेवला. घर पुन्हा गप्प झालं. साहेबांनी संगणकावर गाईंचं व्याख्यान पाचव्यांदा लावलं, आवाज बंद केला आणि वाट बघत बसले. डुलक्या काढणारे वकील पकडायला दर पंधरा मिनिटांनी येणारा प्रश्न अखेर पडद्यावर उमटला, 'तुम्ही अजून आहात ना?'

साहेबांनी कॉलर सारखी केली.

"आहे की," म्हणत त्यांनी बटण दाबलं.