टार्विसचं गिऱ्हाईक

तिसरं गिऱ्हाईकही पद्माकरांनी परत पाठवलं, तेव्हा मीनल अंगणातल्या खुर्चीत टेकली.

“अहो, गाडी विकताय की मुलीचं लग्न जमवताय?”

“त्याला नुसतं इंजिन हवं होतं. बाकीची भंगारात घातली असती त्यानं.”

गुडघ्यांमुळे मीनलला त्या बुटक्या गाडीत बसवेना, आणि लेकीच्या, ऋचाच्या, फ्रँकफर्टच्या घराखाली गाडीला जागा नव्हती. महिनाअखेर कायझर्सलाउटर्नचं घर सोडून तिच्याकडे राहायला जायचं होतं. येणाऱ्या प्रत्येकाला तेच तेच सांगून पद्माकर थकले होते.

टार्विस बनायची जर्मनीत आणि विकली जायची फक्त अमेरिकेत. पुण्याहून नवीन आलेल्या पद्माकरांची पहिली नोकरी तिच्याच कारखान्यात. चार-पाच वर्षांत कंपनीनं ते नाव गुंडाळलं. एका अमेरिकन सैनिकानं बदलीबरोबर इकडे आणलेली ही गाडी पद्माकरांनी घेतली आणि जिवापाड जपली.

चौथा आला हॉलिस. इथल्या अमेरिकन तळावर नोकरीला, वय पंचावन्नच्या पुढचं. बॉनेटचा आडबाजूचा खटका त्यानं न विचारता दाबला.

“तुमच्याकडे होती?” पद्माकरांनी विचारलं.

“वडील डीलर होते. शेत विकून शोरूम थाटली, फक्त टार्विससाठी. घरात दुसरा विषय नसायचा.”

“आता कसे आहेत?”

“टार्विस बंद झाली त्याच हिवाळ्यात गेले.”

स्टिअरिंगवर हात ठेवून तो बराच वेळ बसून राहिला. त्याचे डोळे भरून आलेले पाहून पद्माकरांनी मान वळवली.

हॉलिसनं घासाघीस केली नाही. पद्माकरांनी जमवलेले जास्तीचे दिवे, आरसे पुढे केले.

“नको. लागणार नाहीत.”

कागदपत्रांचे सोपस्कार उरकले. किल्ली देताना पद्माकरांना कित्येक आठवड्यांनी हलकं वाटलं.

“चांगल्या घरी पडली हो,” मीनल म्हणाली.

“गेनाऊ, अगदी बरोबर.”

हॉलिसनं गाडी सुरू केली आणि काच खाली घेतली.

“इथलं भंगारचं यार्ड किती वाजता बंद होतं?”

“भंगारचं? कशाला?”

“आईला शब्द दिलाय. एक तरी टार्विस चेपली जाताना तिला फोनवर दाखवायचीय.”