टकटकबाईचा कान

"ही तडकलेली," टकटकबाई म्हणाली आणि ताटली खालच्या पेटीत ठेवली.

यंत्राने तीच ताटली मघाशी पास केली होती. इंजिनिअरने ती भिंगाखाली धरली. कडेला केसाएवढी चीर होती. सकाळपासूनची ही नववी. त्याचा चेहरा पडला.

चिनी मातीच्या भांड्यांचा तो कारखाना. भट्टीतून निघालेली प्रत्येक ताटली लाकडी दांडीने वाजवायची. आतून तडकलेली असली की बद्द वाजते. सहा बायका हे काम करायच्या. यंत्र आलं आणि पाच घरी गेल्या. सहावीने यंत्राला शिकवायचं, ते शिकलं की तिनेही जायचं. आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायची नोकरी झाली ही. पण मुलीच्या नर्सिंगची दोन वर्षं बाकी होती, म्हणून ती मुकाट्याने येत होती.

भट्ट्यांच्या घरघरीत तिथे सगळेच एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलत. इंजिनिअर नवा, मान खाली घालून पुटपुटायचा. "बाबा रे, इकडे तोंड करून बोल," असं ती त्याला दिवसातून दहादा सांगे.

भट्टीशी हात शेकून ती परत स्टुलावर बसली. हातमोज्यांची टोकं तिने कापून टाकली होती.

"मावशी, बोटं उघडीच ठेवायची तर मोजे घालता कशाला?"

"बोटं उघडी, ताटली निसटू नये म्हणून. मोजे, तुमचा नियम मोडू नये म्हणून."

तो हसला. मग समोर येऊन म्हणाला, "खरं सांगा, एवढ्या गोंगाटात कसं जमतं तुम्हाला? याला चार मायक्रोफोन लावलेत, तरी हुकतंय."

ती दांडी पुसत राहिली. पोरगा सरळ होता. त्याची तिला कीव आली आणि स्वतःची लाज वाटली.

"बत्तीस वर्षांची सवय. तुझे मायक्रोफोनच जाडे पडत असतील. याहून बारीक मिळतात का बघ."

"म्हणजे आवाजच पकडायचा ना?"

"मग दुसरं काय?"

बारीक मायक्रोफोन आले. मग त्याहून महाग आले. यंत्र हुकतच राहिलं. शेवटी साहेबांनी तिला बोलावून कागद पुढे सरकवला. दोन वर्षं नोकरी पक्की.

"असा कान लाखात एकाला असतो," साहेब म्हणाले. तिने खाली बघून सही केली.

संध्याकाळी ती दाराकडे पाठ करून भाजी निवडत होती. मुलगी आली. आई दचकू नये म्हणून तिने नेहमीसारखा दिवा दोनदा लावला-विझवला, मग समोर येऊन बसली. कागद वाचून झाल्यावर तिने ओठ सावकाश हलवत विचारलं, "सात वर्षं झाली तुझे कान जाऊन. बोटांनी कळतं, हे त्या बिचाऱ्याला सांगणार तरी कधी?"

"तू नर्स झालीस की," आई म्हणाली.