ओढ्यापलीकडं औंध

"ह्या बाभळीखाली हुबी ऱ्हा, हरणाबाई. हितनं समदे दिसत्यात," हंबीरराव हवालदार म्हणाले.

हरणाबाई बाभळीखाली जाऊन उभी राहिली. समोर ओढा होता. अलीकडं इंग्रजांचा मुलूख, पलीकडं औंध संस्थान. तिकडं पाऊल पडलं की सातारच्या पोलिसांचा हात तोकडा पडायचा.

यमाईच्या जत्रेनिमित्त हरणाबाईच्या गावातून सायकलींची शर्यत सुटली होती. शर्यत कसली, हाडं खिळखिळी करायचा धंदा! ढेकळांतून, नुकत्याच भिजवलेल्या उसाच्या सऱ्यांतून सायकल दामटायची, चाक रुतलं की ती खांद्यावर घ्यायची, ओढा तुडवायचा आणि औंधात देवीच्या डोंगराशी पोचायचं. आठ गडी होते. त्यांतला एक हरणाबाईचा नवरा जोतीराम, अशी पक्की खबर होती. वर्षभर भूमिगत असलेला हा माणूस चार दिवसांपूर्वी बायकोला भेटायला आला आणि गावाला पोलिसांचा वेढा पडला. आता बाहेर पडायला शर्यतीशिवाय वाट नव्हती. सापडला तर जन्मठेप ठरलेली.

अडचण एकच. त्याचा चेहरा कुणा पोलिसानं पाहिला नव्हता आणि गावानं तोंडाला कुलूप घातलं होतं. आठही जणांना धरावं तर जत्रेतली माणसं खवळली असती. फौजदार म्हणाले, बाईला चौकीत आणा, चार फटके बसले की बोलेल. हंबीररावांना ते रुचेना. त्यांच्या थोरल्या लेकीएवढी होती ती.

"मारायची गरज न्हाई, सायेब," ते म्हणाले होते. "तिला ओढ्यावर हुबी करतो. नवरा समोर आला की बाईचा पदर आपसूक पुढं येतोय, मान खाली जातीया. तोंडानं सांगायला कशाला पायजे?"

बायकांचं आपल्याला कळतं, हा हवालदारांचा जुना अभिमान. त्यांच्या राहीबाईनं सत्तावीस वर्षांत त्यांचं नाव कधी ओठांवर आणलं नव्हतं. शेजाऱ्याच्या बैलाचं नाव हंबीऱ्या होतं, तर त्यालाही ती 'तो पांढरा' म्हणायची.

"आलं, आलं!" गलका झाला.

पहिले दोघे चिखलानं माखून आले, सायकली खांद्यावर टाकून ओढा ओलांडून गेले. हरणाबाई नुसती बघत राहिली. तिसरा सायकलीवरूनच पाण्यात घुसला. भर ओढ्यात चाक दगडावर चढलं, चेन उतरली आणि गडी सायकलीसकट आडवा झाला. उठून तो पाठमोरा चेनीशी झोंबू लागला. एक शिपाई त्याचं तोंड बघायला पाण्यात उतरला.

तोच हरणाबाई खेकसली.

"अरं मुडद्या, चेन काय बसवत बसलायास? उचल की खांद्याव! हात झडलं का तुजं?"

काठावरची माणसं खो खो हसली. गड्यानं मुकाट्यानं सायकल खांद्यावर मारली.

"कोन गं ह्यो?" हंबीररावांनी विचारलं.

"मावसभाऊ माजा. गुंडा," ती फणकाऱ्यानं म्हणाली. "ल्हानपनापास्नं असाच येंधळा."

हंबीररावही हसले. त्यांनी हातानं खूण करून शिपायाला मागं बोलावलं. गुंडा ठेचकाळत पलीकडच्या काठावर चढला आणि दिसेनासा झाला.

मग चौथा आला, उंच, सडपातळ. त्याला बघताच हरणाबाईचा पदर झर्रकन पुढं आला, मान खाली गेली. पायाच्या अंगठ्यानं ती माती उकरू लागली.

हंबीररावांनी शिट्टी फुंकली. चार शिपायांनी त्या गड्याला सायकलीसकट उचललं.

तो निघाला कवठे महांकाळचा आकाराम, पिठाच्या गिरणीतला. दोन दिवसांनी त्याला सोडावं लागलं. फौजदारांनी हंबीररावांना सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. जोतीराम शर्यतीत नव्हताच, खबर खोटी होती, असं कागदावर लिहून प्रकरण मिटवलं.

पुढच्या शुक्रवारी हवालदार साध्या धोतर-पटक्यात राहीबाईला घेऊन औंधाला गेले. ती ओटीचं सामान घेत होती, तोवर ते देवळात शिरले. गाभाऱ्यासमोर एक बाई फरशीवर नाक घासत होती. नाकाचं कातडं सोललं होतं, तरी थांबत नव्हती. हवालदारांनी ओळखलं, हरणाबाई. आपण बिचारीला उगाच चारचौघांत उभं केलं, दोन शब्द बोलून माफी मागावी, असं त्यांच्या मनात आलं. ते हळूच तिच्या मागं जाऊन उभे राहिले.

"आई यमाई," ती हुंदके देत म्हणत होती, "ज्यांच्या नावाचं कुकू लावती, त्यास्नीच वड्यात मुडदा म्हनली गं मी. माजी जीब झडू दे, पर त्यास्नी आवुक्ष दे."