थोरल्याचा चेहरा

“हसू नका हं. नाकाची कड सुटेल,” ताई म्हणाली.

“हसतोय कोण?” धाकट्याचा आवाज कापत होता.

खोलीचं दार आतून लावलेलं होतं. पलीकडच्या खोलीत त्याची आई अंथरुणाला खिळून होती. खिडकीखाली ताईचा कुत्रा, ढब्बू, चारी पाय ताणून घोरत होता. ताईनं बॅग भरायला घेतली की हा आधी गाडीत जाऊन बसायचा. मांजराला मात्र शेजारणीकडे ठेवावं लागे. प्रवास म्हटला की त्या बाईसाहेबांना ओकाऱ्या.

ताईचं पोटापाण्याचं काम म्हणजे दातांच्या कवळ्या बनवणं. सिनेमाचा मेकअप हा नाद. सुट्टी मिळाली की हौशी मंडळींच्या छोट्या सिनेमांसाठी ती गावोगाव हिंडायची. कुणाला म्हातारं कर, कुणाचं डोकं फोड, कुणाला चक्क मारून टाक. “लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस,” तिचा भाऊ म्हणायचा. ती हसून सोडून द्यायची.

पण पडद्यावरच्या माणसाच्या तोंडावरून कुणी हात फिरवून बघत नाही. इथे तेच होणार होतं.

थोरला दूरदेशी कामावर असतानाच गेला, गेल्या वर्षी. आईचं हृदय नाजूक, हा धक्का सोसणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मग घरातल्यांनी तोंडाला कुलूप लावलं. आणि इकडे म्हातारीनं धोशा लावला: थोरल्याला बोलवा. औषध पुढे केलं तरी तेच, पाणी पुढे केलं तरी तेच.

धाकटा पलीकडच्या गल्लीत राहायचा. रोज यायचा, नर्सबाईंकडे विचारपूस करायचा, औषधं ठेवायचा आणि मागच्या दारानं निघून जायचा. वडील गेले त्या दिवशी आईनं त्याला चारचौघांत सुनावलं होतं, “माझ्या खोलीत पुन्हा पाऊल टाकू नकोस.” त्यानं टाकलं नव्हतं.

हे सोंग घ्यायची कल्पना नर्सबाईंची. त्यांच्या भाच्याला ताईनं एका सिनेमात असा काही म्हातारा केला होता की सख्ख्या बायकोनं ओळखला नव्हता. ताईचा नंबर त्यांनीच धाकट्याला दिला.

“नजर कशी आहे त्यांची?” दाढीचे केस चिकटवता चिकटवता ताईनं विचारलं.

“अजून सुईत दोरा ओवते.”

ताईचा हात थांबला. “हे फोनवर बोलला नव्हतात.”

“बोललो असतो तर आला असतात?”

आरशाला थोरल्याचा फोटो टेकवलेला होता. बाकदार नाक, भुवई चिरत गेलेला व्रण, समोरचा टवका उडालेला दात. दात तिनं कवळ्यांच्या कामातून वेळ काढून घडवला होता. तो चपखल बसला. आवाजाची काळजी नव्हती, भावाभावांचे आवाज सारखेच. पण चिकटवलेल्या नाकाचा डिंक अजून ओलसर होता.

“त्यांना संशय आला आणि काही बरंवाईट झालं तर?”

“ताई,” धाकटा आरशातून तिच्याकडे बघत म्हणाला, “ती दिवसभर दाराकडे डोळे लावून पडलेली असते.”

थोरल्याच्या कचेरीतली बाई म्हणून ताईही आत गेली. नर्सबाईंनी पडदे ओढून घेतले आणि त्या बाहेर गेल्या.

“आलास?” म्हातारी म्हणाली.

“आलो, आई.”

“जवळ ये. आणखी जवळ.”

तिनं हात उचलला. बोटं कपाळावरून भुवईच्या व्रणावर आली, तिथून नाकावर उतरली आणि नेमकी कडेपाशी थांबली. आता नखानं जरा उचललं की खेळ खलास.

बोटं खाली आली. “वाळलास रे,” म्हातारी म्हणाली.

नाकाची कड जागेवर होती.

“धाकटा भेटला का तुला?”

“भेटेन आता.”

“मग माझा निरोप सांग त्याला. हे गेले, त्या रात्री तो डॉक्टरांना आणायला निघाला होता. मीच म्हटलं, थांब, सकाळी बघू. चूक माझी. आणि खापर मात्र त्याच्या डोक्यावर फोडलं. पोरानं ब्र काढला नाही. सगळ्यांसमोर ऐकून घेतलं आणि गेला.”

थोरल्याची दाढी थरथरत होती.

“सांगशील ना?”

“सांगेन.”

“नीट सांग. हट्टी आहे तो. म्हणावं, आई चुकली, आणि तुझ्यावाचून तिला करमत नाही.”

त्याच्या डोळ्यांतून पाणी घळघळा वाहू लागलं. नाकाची कड कागदासारखी वळायला लागली. ताई झटकन पुढे झाली आणि तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “निघायला हवं, आपली गाडी चुकेल.”

त्यानं आईचा हात गच्च दाबला आणि तोंड फिरवून तो बाहेर गेला. क्षणात नळ सोडल्याचा आवाज आला. पाण्याच्या आवाजात हुंदका काही लपत नव्हता.

काहीतरी बोलून वेळ मारून न्यावी म्हणून ताई चादर सारखी करू लागली. म्हातारीच्या बोटांना रंग लागला होता. ताईनं घाईघाईनं रुमाल काढला. “धूळ लागलीय, आजी. पुसते हं.”

“राहू दे गं,” म्हातारी म्हणाली. नळाच्या आवाजाकडे कान देऊन ती जराशी पडून राहिली. मग हळूच म्हणाली, “थोरला गेल्याचं मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, पोरी. स्वतःचा चेहरा घेऊन धाकटा माझ्यापुढे बसला नसता, म्हणून तर नर्सबाईंकरवी तुला बोलावून घेतलं.”