टाकीचं पितळी झाकण

पुन्हा तिथेच. पाव मैलाचा ट्रॅक संपत आला आणि ॲक्सिलरेटर तळाला टेकलेला असताना गाडीने मान टाकली. शेजारच्या लेनमधली गाडी पुढे निघून गेली. अविवा परत येईपर्यंत हेल्मेटमध्ये दात-ओठ खात होती.

उन्हाळाभर हेच चाललं होतं. अर्ध्या ॲक्सिलरेटरवर गाडी गुणी बाळ. पूर्ण दाबला, की काही सेकंदांत जीव जायचा. शनिवारी पात्र ठरलेल्या गाड्याच रविवारच्या खऱ्या शर्यतीत उतरत, आणि अविवाने या वर्षी एकही रविवार पाहिला नव्हता. आज मोसमातला शेवटचा शनिवार. आणखी एकच फेरी उरली होती, चाळीस मिनिटांनी.

तीही हुकली तर काय करायचं हे ठरलं होतं. कार्ब्युरेटर काढून टाकायचा आणि कंप्युटरवर चालणारं इंजेक्शन बसवायचं. तिच्या ब्रॅकनेलच्या ऑफिसातला मित्र गिरीश लॅपटॉप घेऊन तयारच होता. पण तो कार्ब्युरेटर पप्पांनी स्वतःच्या हाताने जुळवलेला. तो गेला की पप्पांना या गाडीत काही कामच उरणार नव्हतं, आणि मम्मी गेल्यापासून त्यांना दुसरं कामही नव्हतं.

पप्पांचं, म्हणजे एलिजा नवगावकरांचं, इथे विलायतेत, वॉटफर्डला, तीस वर्षं गॅरेज होतं. बॉनेटला कान लावून दुखणं सांगणारा माणूस, अशी ख्याती. ट्रॅकवरची जुनी मंडळी अजून विचारायची, तुझ्या डॅडना आण ना, ऐकू दे त्यांना. पण दोन वर्षांपूर्वी पप्पांना एकाएकी शब्बाथ आठवला, ज्यूंचा शुक्रवारच्या मावळतीपासून सुरू होणारा विसाव्याचा दिवस. शनिवारी हत्याराला हात नाही, ट्रॅकवर पाऊल नाही. आणि हे कोणी करावं, तर ज्यांचं गॅरेज शनिवारीच सगळ्यात जास्त गजबजायचं त्यांनी. अविवाने एकदा तसं बोलून दाखवलं.

"आपण शनिवार तेली," ते म्हणाले होते. "अलिबागकडे आपल्या लोकांचा घाणा शनिवारी बंद असायचा. बंद म्हणजे बंद."

म्हातारपणी देव आठवतो, दुसरं काय, असं म्हणून तिने सोडून दिलं. पंचाईत एवढीच, की गाडीचं दुखणं फक्त ट्रॅकवर उमटायचं आणि ट्रॅक असायचा शनिवारी. तिने आवाज रेकॉर्ड करून नेला, तर फोनमध्ये इंजिन कळत नाही म्हणाले. शेवटी परवा ती चिडून बोलली, "तुम्हाला माझी गाडी हरलेलीच आवडते." काल शुक्रवारी, सूर्य मावळायच्या आत, ते मुकाट्याने तिच्या व्हॅनमध्ये येऊन बसले.

आता ते घडीच्या खुर्चीवर, गाडीच्या मागच्या चाकाला खेटून बसले होते. हात मांडीवर.

"काय ऐकलं तुम्ही, पप्पा?"

पप्पांनी तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "मेन जेट. कार्ब्युरेटरमधून पेट्रोल कमी सुटतंय, वर गेल्यावर इंजिनाचा घसा सुकतोय."

"तोच तर थ्री टाइम्स चेंज केला."

"मग चौथ्यांदा कर."

अविवाचं डोकं तडकलं. पाना उचलण्याआधी तिने पेट्रोल बघायचं ठरवलं. टाकी हे पप्पांचं खातं. दर शुक्रवारी ते स्वतः ती काठोकाठ भरायचे, आणि शब्बाथचे पितळी दिवे ज्या फडक्याने लखलखीत करायचे त्याच फडक्याने टाकीचं पितळी झाकणही घासायचे. दुसऱ्या कोणी त्याला हात लावायचा नाही. आज त्यांचे हात बांधलेले होते. तिने झाकण फिरवलं.

सूंऽऽ करत हवा आत घुसली. पलीकडच्या तंबूतल्या माणसाने वळून पाहिलं. गिरीशने लॅपटॉपवरून मान वर केली. अविवाने झाकण उलटं केलं. हवा आत जायचं बारीक भोक वाळलेल्या पॉलिशने गच्च बुजलं होतं. पंप पेट्रोल ओढत होता, मोकळ्या झालेल्या जागेत हवा येत नव्हती, आणि टाकी पेट्रोल सोडत नव्हती. एवढंच. उन्हाळाभराचं दुखणं मोहरीएवढ्या भोकात बसलं होतं.

तिला हसूच आलं. ती पप्पांकडे वळली. टाकीचं तोंड त्यांच्या कानापासून वीतभर होतं. ते समोर कार्ब्युरेटरकडे बघत होते.

"चौथ्यांदा कर," ते पुन्हा म्हणाले.

अविवाचं हसू विरलं. ती त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली.

"पप्पा," ती नेहमीच्या आवाजात म्हणाली. "पप्पा, इकडे बघा."

त्यांनी पाहिलं नाही. परवा आपण काय बोललो ते तिला शब्दन् शब्द आठवलं.

ती पुढे आली आणि झाकण त्यांच्या तळहातावर ठेवलं. पप्पांनी सवयीने त्यावरून अंगठा फिरवला. भोकापाशी अंगठा थांबला. त्यांनी झाकणाकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"उघडताना आवाज झाला असेल."

"हो."

"मोठा?"

खोटं बोलावं असं तिला फार वाटलं. "मोठा," ती म्हणाली.

तेवढ्यात गिरीश कुठूनशी सेफ्टी पिन घेऊन आला. "काका, ही चालेल?" म्हणत त्याने ती अविवापुढे धरली. मध्येच पप्पांचा हात आला.

"पप्पा," अविवा त्यांच्या समोर वाकून, सावकाश म्हणाली, "आज शब्बाथ आहे."

या वेळी त्यांनी तिच्या ओठांवरून नजर हलवली नाही.

"शनिवार कान लपवण्यासाठी होता, अविवा," ते म्हणाले. "हात अजून शाबूत आहेत. दे ती पिन."