बाबा जेवत नाहीत

आज मी अख्खी पोळी खाल्ली. छे, असं काही घडलेलंच नाही. कळलं तर मावशी पेढे वाटेल आणि एक मलाही खावा लागेल.

न जेवणाऱ्या मुली आणि त्यांचे पालक अशा आमच्या गटात डॉक्टरबाईंनी आज जेवताना भूमिका बदलायला लावल्या. मी बाबा झाले, बाबा मी झाले.

बाबांनी तोंड फिरवून पोळी खिशात कोंबली. “मैत्रिणीकडे खाऊन आलेय.”

“अगं, एवढं अवघड काय आहे त्यात? बघ, असं खायचं!” संतापून मी दाखवत गेले आणि माझी पोळी संपली.

बाबांचे डोळे भरले. “रडायचं नाही, बाळा,” मी दटावलं.

सदर बाळाने स्वतः अद्याप काहीच खाल्लेले नाही; तरी ते बरे होईपर्यंत माझ्याच ताब्यात ठेवावे, ही नम्र विनंती.