झेंड्याची दिशा

देवेश एकेक जहाज उचलून कापूस घातलेल्या खोक्यात ठेवत होता. बोटाएवढी जहाजं. रविवारी घाटकोपरला त्याच्या घरी टेबलावर निळं कापड अंथरून, फासे टाकून लढाई व्हायची होती. इंग्रजांचं आरमार त्याचं, मराठ्यांचं नितेशचं. रंगवायची मात्र सगळी नितेशनेच.

"हात थरथरतो म्हणतोस आणि शिडाची शिवण बघ, यार. केसाएवढी."

"सकाळी बरा असतो जरा," पलंगावर टेकून बसलेला नितेश म्हणाला.

अक्षता चहा गाळत होती. दुपारी नितेश आणि मानसी, बापलेक दोघंही झोपली की ती त्याचे फिसकटलेले रंग टर्पेंटाइनने पुसायची. त्याच रेषा पुन्हा ओढायची. ब्रश धुवून, त्याच्यासारखंच ओठांनी टोक काढून जागेवर ठेवायची. खिडकी उघडी टाकायची, वास जावा म्हणून.

देवेश थांबला. "हे काय रे? शिडं पुढे फुगलीत आणि झेंडा मागे उडतोय? रिक्षाला लावल्यासारखा?"

अक्षताच्या हातातली गाळणी तशीच राहिली. तो कागदी झेंडा कालच तिने चिकटवला होता.

नितेशने जहाज मागितलं. दोन्ही हातांनी धरलं, तरी डोलकाठी हलत होती. झेंडा डोळ्यांजवळ आणून पाहिला.

"माझंच चुकलं. गोळ्यांनी डोकं जागेवर नसतं हल्ली."

"तू? कॉलेजात याच चुकीसाठी माझे सगळे झेंडे उपटले होतेस." देवेश हसला. मग त्याची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली आणि हसू तिथेच थांबलं. "नीट करून घेऊ?"

"नको. राहू दे तसाच."

चहा अर्धाच पिऊन देवेश उठला. "येतो वहिनी," म्हणाला, खाली बघत.

दार लागलं. अक्षता कप उचलायला वाकली.

"एक उरलंय ना रंगवायचं? आण. आणि बारीक ब्रश."

तिने आणून समोर धरलं. त्याने घेतलं नाही.

"बस इथे. दुपारपर्यंत कशाला थांबतेस?"

ती पलंगाच्या कडेला बसली. ब्रश तिच्याच हातात होता.

"वारा मागून येतो, अक्षता. शिडं जिकडे फुगतात, झेंडाही तिकडेच," तो म्हणाला, आणि दोन्ही हात त्याने चादरीखाली घेतले.